एकदाच विकले जाणारे निसर्गचित्र

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे चित्र दिल्लीतील लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेले. आणि त्याच सप्टेंबरच्या २२ तारखेपासून हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या तिन्ही बातम्या एकापाठोपाठ वाचणाऱ्याचा असा समज व्हावा, की चित्रकारांना सुगीचे दिवस आले आहेत. परंतु पन्हाळ्याचे धुके, गोदावरीचे घाट, कोकणातली कौलारू घरे रंगवणाऱ्या आणि त्यावरच चरितार्थ चालवू पाहणाऱ्या कोल्हापूर, नाशिक, सांगली, सावंतवाडी येथील चित्रकाराच्या व्यवहारात या बातम्यांनी फारसा फरक पडलेला नाही.

करकपातीचेच पाहावे. वस्तूंची वार्षिक विक्री ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या विक्रेत्याला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. गावोगावच्या बहुसंख्य निसर्गचित्रकारांची वर्षाची उलाढाल या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे चित्रावर १२ टक्के कर होता तेव्हा तो त्यांनी आकारला नाही आणि ५ टक्के झाला तेव्हा त्यांचे चित्र स्वस्त झाले नाही. दालनाचे भाडे, छपाई, चौकटी, वाहतूक यांवर जो कर लागतो तो मात्र त्यांना भरावा लागतो आणि नोंदणी नसल्याने त्याची वजावटही मिळत नाही. सवलत मिळाली ती दालनांना, मोठ्या विक्रेत्यांना आणि त्यांच्या ग्राहकांना. ती चुकीची होती असे नव्हे. चित्राला चैनीच्या वस्तूसारखे वागवणे बंद झाले हे योग्यच झाले. पण तिचा लाभ कोणाला झाला हे पाहिले, की महाराष्ट्रात चित्रांचे दोन वेगळे बाजार आहेत ही गोष्ट ध्यानात येते. त्या दोहोंमधला फरक किमतीच्या आकड्यांचा आहे असे वरवर दिसते. वस्तुतः तो दुसऱ्या विक्रीचा आहे. एका बाजारातले चित्र पुन्हा पुन्हा विकले जाते. दुसऱ्यातले एकदाच.

मंगळवार ते सोमवार

निसर्गचित्रकाराच्या विक्रीची वाट अजूनही प्रदर्शनातूनच जाते आणि महाराष्ट्रात प्रदर्शन म्हटले की पहिले नाव जहांगीरचे निघते. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या कलादालनाचे उद्घाटन २१ जानेवारी १९५२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. तेथे मंगळवार ते सोमवार असा एक आठवडा दालन भाड्याने मिळते आणि तो आठवडा मिळण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, ही मुंबईच्या कलाजगतातील जुनी आणि सर्वांना परिचित अशी वस्तुस्थिती आहे. पुण्याचे बालगंधर्व कलादालन, वरळीचे नेहरू सेंटर, कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्मारक भवन ही इतर ठिकाणे. पण परगावच्या चित्रकाराला काळा घोड्याचा तो एक आठवडा हवा असतो, कारण तेथे केवळ ओळखीचे लोक येत नाहीत. वास्तुरचनाकार, अंतर्गत सजावट करणारे, परदेशातून सुटीवर आलेले मराठी कुटुंब, सहज आत डोकावलेला डॉक्टर असे अनोळखी ग्राहकही येतात.

त्या आठवड्याचा खर्च मात्र चित्रकाराचा असतो. कागद आणि रंग यांचा खर्च तुलनेने कमी. चौकट आणि काच, चित्रे मुंबईपर्यंत आणण्याचा टेम्पो, निमंत्रणपत्रिका, पुस्तिका, उद्घाटनाचा चहा, आठ-नऊ दिवसांचा मुंबईतील मुक्काम हे सारे त्याच्याच खिशातून जाते. चित्रे विकली गेली नाहीत तर तेवढाच खर्च करून ती परत न्यावी लागतात. खासगी दालन चित्रकाराला निवडते, त्याची चित्रे टांगते, विकते आणि विक्रीतला मोठा हिस्सा ठेवून घेते. तेथे जोखीम दालनाची असते. भाड्याच्या दालनात ती संपूर्णपणे कलावंताची. या व्यवस्थेने एक चांगली गोष्ट अवश्य केली आहे. कोणाचीही ओळख नसलेल्या, कोणत्याही पंथात न बसणाऱ्या चित्रकाराला तिने भिंत दिली. पण सोमवारी संध्याकाळी चित्रे उतरली की त्या दालनाचा आणि चित्रकाराचा संबंध संपतो. कोणते चित्र कोणी घेतले, किती रुपयांना घेतले, पुढे ते कोठे गेले, हे त्याच्या वहीत असेल तर असेल. इतरत्र कोठेही नसते.

भाव ठरवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. अनेक चित्रकार आणि विक्रेते चौरस इंचावर दर लावतात. जलरंगाचा अर्धा इंपीरियल कागद १५ बाय २२ इंचांचा, म्हणजे ३३० चौरस इंचांचा असतो. उदाहरणादाखल चौरस इंचाला ५० रुपये धरले तर चित्र १६,५०० रुपयांचे होते आणि पूर्ण कागद, २२ बाय ३० इंचांचा, थेट ३३ हजारांचा. अर्ध्या कागदावर एखाद्या सकाळी चाळीस मिनिटांत उतरलेले, पुन्हा कधीही तसे न जमणारे चित्र आणि पूर्ण कागदावर घरी बसून छायाचित्रावरून केलेले चित्र यांच्यात स्वस्त ठरते ते पहिले. जलरंग जाणणारा कोणीही हा हिशेब हास्यास्पद मानील. तरीही तो टिकून आहे, कारण ग्राहकाला तो समजतो. फरशी आणि पडद्याचे कापड तो याच मापाने घेत असतो.

भावाप्रमाणे विषयही ग्राहकच ठरवू लागतो. महाराष्ट्रातील निसर्गचित्रकारांच्या प्रदर्शनांतून गेली काही दशके बनारसचे घाट मोठ्या संख्येने दिसतात. नाशिकला स्वतःचे घाट आहेत, वाईला आहेत, मेणवलीला आहेत; नाशिकचे शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने गोदाकाठ आयुष्यभर रंगवला आणि त्यातून त्या शहरात जलरंगाची एक परंपराच उभी राहिली. पण मुंबईत आलेला दिल्लीचा, कोलकात्याचा किंवा अमेरिकेतला ग्राहक बनारस ओळखतो, मेणवली ओळखत नाही. तेव्हा पोटासाठी बनारस आणि समाधानासाठी मेणवली अशी विभागणी होते. पोटासाठी रंगवलेले बनारस वाईट असतेच असे नाही. परंतु ज्या चित्रकाराला प्रादेशिक म्हणायचे त्याचा प्रदेशच हळूहळू चौकटीबाहेर जातो, हे या व्यवहाराचे फलित आहे. पडणारे वाडे, बुजणारे तलाव, रस्तारुंदीत गेलेली वडाची झाडे यांची नोंद जलरंगात होण्याची शक्यता त्या प्रमाणात कमी होते.

पदकाने काय मिळते

पुरस्कार ही या बाजाराची दुसरी बाजू. सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ सालची, बॉम्बे आर्ट सोसायटीची १८८८ सालची आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडियाची १९१८ सालची. सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन, तेथील सुवर्ण आणि रौप्य पदके, पुढे राज्य सरकारच्या कला संचालनालयाने भरवलेले महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनच्या प्रदर्शनांतील विजेत्यांना मिळालेला युरोपदौरा, अशी पारितोषिकांची एक दीर्घ परंपरा येथे आहे. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर याच परंपरेतून मोठे झाले आणि इंदूरहून आलेल्या ना. श्री. बेंद्रे यांची ओळखही प्रथम या प्रदर्शनांनीच करून दिली.

पूर्वी पदकाला बाजारभाव होता, कारण पदक देणारे, चित्रावर लिहिणारे आणि चित्र विकत घेणारे लोक एकाच वर्तुळात वावरत. चाळीसच्या दशकातील मुंबईत वॉल्टर लँगहॅमर चित्रे काढत आणि तरुणांना शिकवत, रुडी फॉन लायडन वृत्तपत्रांतून लिहीत, इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. युरोपातून नाझी राजवटीमुळे बाहेर पडलेल्या या तिघांनी मुंबईतील काही तरुण चित्रकारांना जो आधार दिला तो या वर्तुळामुळेच परिणामकारक ठरला. सय्यद हैदर रझा यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९४६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात झाले आणि १९४८ साली त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हाचे रझा हे मुंबईचे पावसाळी रस्ते आणि काश्मीर जलरंगात रंगवणारे निसर्गचित्रकार होते, हे आज त्यांच्या बिंदूच्या चित्रांपुढे अनेकांच्या स्मरणातही नसते.

आज पारितोषिके वाढली आहेत. बहुतेक वार्षिक प्रदर्शनांत निसर्गचित्रासाठी वेगळे पारितोषिक असते. पण पारितोषिक मिळालेले चित्र विकत घेण्याची जबाबदारी फार थोड्या संस्था घेतात. पदक, प्रमाणपत्र आणि काही हजार रुपये घेऊन चित्रकार गावी परततो. पुढच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत परिचयाची एक ओळ वाढते आणि त्या ओळीमुळे चौरस इंचाचा दर थोडा वाढवता येतो. निसर्गचित्रासाठी वेगळे पारितोषिक असण्यात एक सूक्ष्म अवमूल्यनही आहे. प्रदर्शनातील सर्वोत्तम चित्राचा मान दुसऱ्या कशाला तरी द्यायचा आणि निसर्गचित्राचे समाधान त्याच्या वर्गातच करायचे, असा त्याचा अर्थ होऊ लागतो.

निसर्गचित्रावर टीकाकारांचा जो आक्षेप आहे तो येथे नोंदवायला हवा, कारण तो निराधार नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रोग्रेसिव्ह गटाच्या उदयानंतर जाणकारांचे लक्ष नवकलेकडे वळले आणि स्थळावर बसून केलेले यथार्थदर्शी चित्र हे कौशल्याचे काम समजले जाऊ लागले. पुष्कळ निसर्गचित्रे खरोखरच कौशल्यापलीकडे जात नाहीत. ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब, पाठीमागून येणारा प्रकाश, डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री, उडणारी कबुतरे, हे ठरलेले साचे आहेत आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी ते अधिकच घट्ट केले आहेत. परंतु साचेबद्ध अमूर्त चित्रेही काही कमी निघाली नाहीत. तरी त्यांच्यातील चांगले आणि सामान्य यांचा निवाडा करणारी यंत्रणा उभी राहिली. निसर्गचित्रांच्या वाट्याला ती आली नाही. सगळेच एका मापाने मोजले गेले, चौरस इंचाच्या.

दुसरी विक्री

'ग्रामयात्रा'ची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. हुसेन यांनी हे चित्र १९५४ साली रंगवले. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आलेल्या नॉर्वेतील एका डॉक्टरांनी ते त्याच वर्षी विकत घेतले. पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळाले आणि अनेक दशके तेथील भिंतीवर होते. सत्तर वर्षांनी ते लिलावात आले तेव्हा ते कोणाचे, केव्हाचे, कोणाकडून कोणाकडे गेले याविषयी शंका नव्हती. चित्राचा दर्जा आणि चित्रकाराचे नाव यांच्या जोडीला हा निर्वेध इतिहास होता, म्हणून हातोडा ११८ कोटींपर्यंत जाऊ शकला. रझा यांचे 'जेस्टेशन' हे १९८९ सालचे चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत पंडोल्सच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेले त्यामागेही पॅरिस आणि मुंबईतील दालने, पुस्तिका, संग्राहक आणि त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान यांनी जपलेली कागदपत्रांची साखळी आहे. रझांची नंतरची चित्रे त्यांच्या मुंबईतील जलरंगांपेक्षा वेगळ्या कोटीची आहेत हे खरेच. पण त्याच कागदपत्रांमुळे त्यांचे ते सुरुवातीचे जलरंगही आज लिलावांत दिसतात आणि चांगली किंमत मिळवतात. चाळीसच्या दशकात त्यांच्या शेजारी बसून तेच रस्ते रंगवणाऱ्यांची चित्रे दिसत नाहीत.

याच्या नेमके उलट उदाहरण कोल्हापूरचे आहे. आबालाल रहिमान हे जे. जे.मध्ये शिकले, कोल्हापूरला परतले, राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय लाभला आणि कोटीतीर्थाच्या तलावाकाठी राहून त्यांनी तो तलाव, त्यावरचा प्रकाश, काठची झाडे ऋतूंमागून ऋतू रंगवली. १९३१ साली ते गेले. महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाचा आरंभ ज्यांच्यापासून सांगितला जातो, त्या या चित्रकाराच्या कामाचा फार मोठा भाग आज उपलब्ध नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आणि काही खासगी संग्रहांत जे उरले आहे, त्यावरून त्यांची योग्यता कळते. आबालाल मुंबईच्या बाजारात शिरले नाहीत आणि बाजार त्यांच्याकडे गेला नाही. त्यांची चित्रे दिली गेली, घेतली गेली, हरवली गेली. विकली गेली असती तर कदाचित जपली गेली असती. बाजाराविषयी तुच्छतेने बोलण्याची मराठी कलाविश्वाची सवय आहे. आबालालांच्या बाबतीत बाजार नसण्याची किंमत काय पडते ते दिसते.

आजचा निसर्गचित्रकार विक्री करतो, पण परिणामी त्याची अवस्था फार वेगळी नाही. त्याचे चित्र दिवाणखान्यात जाते. वीस-पंचवीस वर्षांनी घर बदलते, मुले परदेशी जातात, काचेच्या आत बुरशीचे डाग पडतात, चित्रामागे ना चित्रकाराचा पत्ता असतो ना वर्ष. लिलावसंस्था ते घेत नाही, कारण त्या नावाच्या आधीच्या विक्रीची नोंद नाही. आणि नोंद नाही कारण कोणतीही संस्था ते घेत नाही. मग ते भेट दिले जाते किंवा जुन्या सामानाबरोबर जाते. चित्रकाराचा आजचा दर यामुळेच वाढत नाही. ज्या वस्तूला दुसरा ग्राहक नाही तिच्यासाठी पहिला ग्राहकही हात आखडता घेतो.

वास्तविक दुसऱ्या विक्रीचा विचार भारतीय कायद्याने केलेला आहे. प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आले. चित्र, शिल्प किंवा रेखाटन यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली तर त्या किमतीत कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. हा वाटा दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत, हा हक्क टिकतो. दहा हजारांची मर्यादा इतकी कमी आहे की मध्यम दर्जाचे जलरंगही तीत बसावेत. पण चित्रकारांच्या बोलण्यात हे कलम क्वचितच येते. वाटा आपोआप कापून देणारी, पुनर्विक्रीची माहिती कळवणे बंधनकारक करणारी यंत्रणा या कलमात नाही. चित्र कोणी, केव्हा, कितीला विकले हे कलावंतानेच शोधून काढायचे आणि मग दाद मागायची.

प्राप्तिकर खात्याला मात्र ही अडचण येत नाही. चित्रे, रेखाटने, शिल्पे पूर्वी वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडत आणि त्यांच्या विक्रीवरील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नसे. २००७ च्या वित्त कायद्याने ती सवलत काढून घेतली. चित्र पुन्हा विकून नफा झाला तर त्यात सरकारचा वाटा ठरलेला आहे. ज्याने ते चित्र काढले त्याचा वाटा १९९४ पासून कागदावर आहे.

हा प्रश्न केवळ भारतातला नाही. फ्रान्सने कलावंताला पुनर्विक्रीतील वाटा १९२० सालीच दिला. ऑस्ट्रेलियात तो २०१० साली आला आणि त्यामागे वाळवंटातील एका आदिवासी चित्रकाराचे उदाहरण होते. जॉनी वारांगकुला यांनी १९७२ साली आपल्या भूमीतील पाण्याच्या स्थळाचे एक चित्र काढले. त्याचे त्यांना १५० डॉलर मिळाले. तेच चित्र १९९७ साली दोन लाख सहा हजारांना आणि २००० साली चार लाख ८६ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले गेले. चित्रकार तेव्हा हयात होते आणि विपन्नावस्थेत होते. त्यावरून जो गदारोळ झाला त्यातून पाच टक्के वाट्याचा कायदा झाला. तेथे हक्काबरोबर पुनर्विक्रीची नोंद कळवण्याचे बंधन आणि पैसे गोळा करून वाटणारी संस्थाही आली, म्हणून तो चालतो.

प्रताधिकाराची आणखी एक बाब चित्रकार बहुधा विसरतात. चित्र विकले म्हणजे त्याचा प्रताधिकार विकला असे होत नाही. ग्राहक ते भिंतीवर लावू शकतो. दिनदर्शिकेवर, शुभेच्छापत्रावर, हॉटेलच्या कपांवर छापू शकत नाही. परंतु मोबदला घेऊन कोणाच्या मागणीवरून काढलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार केलेला नसेल तर, मागणी करणाऱ्याकडे जातो. बँकांच्या दिनदर्शिका, हॉटेलांच्या खोल्या, रुग्णालयांचे कॉरिडॉर यांसाठी निसर्गचित्रांना मोठी मागणी असते आणि ती कामे बहुतेक तोंडी ठरतात. एका ओळीच्या कराराने जो हक्क राखता आला असता तो संकोचामुळे जातो. कारण ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे अपमानास्पद वाटते.

राहतो प्रश्न सार्वजनिक खरेदीचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहानसे संस्थान. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली मूळपीठाच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारले आणि देशी-विदेशी कलाकृतींबरोबर महाराष्ट्रातील चित्रकारांची चित्रे तेथे ठेवली. आज त्या चित्रांवर लिहायचे तर औंधला जाता येते. कोल्हापुरात चित्रपट अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांनी आपली पावडर शेडिंगची निसर्गचित्रे राहत्या वास्तूसह शासनाला दिली आणि त्यातून संग्रहालय झाले. एक उदाहरण राजाचे, दुसरे खुद्द कलावंताच्या दातृत्वाचे. ज्यांचे अंदाजपत्रक औंध संस्थानाच्या कितीतरी पट आहे अशा महानगरपालिका महाराष्ट्रात आहेत. पण आपल्या शहराची चित्रे नियमितपणे विकत घेऊन ती नोंदवून ठेवण्याची प्रथा त्यांच्यात रुजलेली नाही. चौकांतील शिल्पे आणि उड्डाणपुलांखालील रंगीत भिंती यांवर खर्च होतो. तो दिसतो, पण त्याचा संग्रह होत नाही.

केंद्राच्या पातळीवरील चित्रही असेच. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली ज्यांच्या कृती राष्ट्राचा ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्यास मनाई झाली त्या चित्रकारांची संख्या नऊ आहे. त्यांत हिमालय रंगवणारे निकोलस रोरिक आहेत. महाराष्ट्रातील एकही चित्रकार नाही. यादीत असल्याने बाजारभाव आपोआप वाढतो असे नाही, उलट परदेशी ग्राहक गमावल्याने काही अंशी तो दबतोही. पण यादीतील चित्रकाराच्या प्रत्येक चित्राचा ठावठिकाणा महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राने आपल्या निसर्गचित्रकारांसाठी राज्यपातळीवर तशी सूची कधी केली नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड हा या दिशेने झालेला मोठा प्रयत्न, पण तो चित्रकारांचा कोश आहे. चित्रांचा व्हायचा आहे.

दरम्यान चित्रकारांनी आपापले मार्ग शोधले आहेत. करोनाच्या काळात दालने बंद पडली तेव्हा अनेकांनी समाजमाध्यमांवरून थेट विक्री सुरू केली आणि दूरस्थ कार्यशाळा घेतल्या. कित्येकांसाठी आज चित्र विकण्यापेक्षा चित्र काढायला शिकवणे हे उत्पन्नाचे अधिक भरवशाचे साधन झाले आहे. पुण्यामुंबईत रविवारी सकाळी वाड्यांसमोर, तलावाकाठी वह्या घेऊन बसलेले हौशी लोक दिसतात ते याचेच फळ. त्यातून निसर्गचित्राला जाणता प्रेक्षक मिळू लागला आहे, ही नव्या काळाची जमेची बाजू होय. थेट विक्रीत आणखी एक गोष्ट घडते. ग्राहकाचे नाव, तारीख, चित्राचे छायाचित्र आणि रक्कम या चारही गोष्टी चित्रकाराच्या फोनमध्ये राहतात. भाड्याच्या दालनात सोमवारी संध्याकाळी जी माहिती विखुरते ती येथे हाती असते. ती नीट उतरवून ठेवायची, चित्रामागे नाव, स्थळ, वर्ष आणि क्रमांक घालायचा, सहीची पावती द्यायची आणि तिची प्रत ठेवायची, एवढे काम आहे. ५३ अ कलमाखाली उद्या कोणी वारस दाद मागायला गेला तर त्याच्याकडे पहिल्यांदा तीच पावती मागितली जाईल.